डिमेन्शियाच्या माणसासाठी केअर सेंटर बघताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा डेपो, तेहतीस वर्षं. २००५ साली निवृत्त झाले, तोवर हातात पत्र्याची पेटी, रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि चिमट्यासारखा तो पंच. डिमेन्शियात माणसांची नावं गेली, आई गेल्याचं विसरले, पण हात काही विसरले नाहीत. डावा हात पोटाशी पेटी धरल्यासारखा आडवा, आणि उजव्या हाताची बोटं टकटक दाबत राहायची. दिवसभर. मध्येच "सुट्टे द्या, सुट्टे" म्हणायचे. हे आधी सांगतेय, कारण त्या सेंटरमध्ये काय चाललंय ते आम्हाला या हातांवरून कळलं. तिथल्या माणसांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

२०२३ मध्ये आई गेली आणि मी अण्णांना पुण्याला माझ्याकडे आणलं. रात्री दोनला उठून कडी काढायचे. "पाच पंचवीसची गाडी आहे, उशीर झाला तर साहेब शेरा मारतील." दोनदा घराबाहेर पडले. दुसऱ्यांदा दांडेकर पुलापाशी सापडले, अनवाणी. त्यांना सांभाळायला ब्युरोकडून येणारे मामा चार महिन्यांत पाच बदलले. माझी नोकरी, मुलगी बारावीला, दादा बंगळूरला. शेवटी सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं. "बापाला आश्रमात टाकलं" म्हणणारे भेटलेच. त्या बोलण्याची मला आधीपासून इतकी धास्ती होती की मी कुणालाही काही विचारलं नाही आणि दुसरं एकही ठिकाण बघितलं नाही. गुपचूप उरकलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

ते ठिकाण पुण्याबाहेर आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून नाव लिहीत नाही. जाहिरातीत 'डिमेन्शिया स्पेशल', '२४ तास नर्सिंग केअर', 'रोज डॉक्टर व्हिजिट' असं सगळं होतं. चालवणाऱ्या मॅडमनी सकाळी अकराची वेळ दिली. आम्ही पोचलो तेव्हा दारात रांगोळी, आत पेटीवर भजन, दहा-बारा आजी-आजोबा आंघोळ करून, पावडर लावून खुर्च्यांवर बसलेले. पांढऱ्या कोटातली एक सिस्टर प्रत्येकाचं बीपी घेत होती. फिजिओथेरपीच्या खोलीत दोन वॉकर होते, त्यांच्या मुठींवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. ते मी पाहिलं. नवीनच आणलेत म्हणजे चांगलंच आहे, असं मला वाटलं.

भिंतीवर फ्रेम केलेलं सरकारी प्रमाणपत्र होतं. ह्यांनी विचारलं, "मॅडम, नोंदणी आहे ना?" त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. वर राजमुद्रा, खाली क्यूआर कोड. पुढे वकिलांनी माझ्या फोनमधला त्याचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा कळलं की ते 'उद्यम'चं प्रमाणपत्र होतं. ते लघुउद्योगाचं असतं, आधार क्रमांक टाकून घरबसल्या फुकट मिळतं. रुग्ण ठेवण्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी १९४९च्या नर्सिंग होम्स कायद्याखाली होते आणि ती महापालिकेच्या आरोग्य विभागात किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे विचारून पडताळता येते. या लोकांची मेख इथेच आहे. जाहिरातीत 'नर्सिंग', आणि तक्रार केली की "आम्ही वृद्धांची राहण्याची सोय करतो, हॉस्पिटल थोडंच आहे?" आमच्या नोटिशीला अगदी याच शब्दांत उत्तर आलं.

महिना अडतीस हजार "सगळं धरून", प्रवेश फी पंधरा हजार, अनामत दीड लाख "पूर्ण परत". एकच खाट शिल्लक आहे आणि उद्या नाशिकहून एक कुटुंब बघायला येतंय, असं सांगितल्यावर आम्ही तिथेच उभ्या उभ्या अनामत भरली. ती सेंटरच्या खात्यावर न मागता मॅडमच्या यजमानांच्या यूपीआयवर मागितली. करार अकरा पानांचा, इंग्रजीत. "सगळे सह्या करतात हो, फॉरमॅट आहे." सातव्या पानावर लिहिलं होतं की तीन महिन्यांची लेखी सूचना न देता माणूस नेला तर अनामत जप्त. ते आम्ही अनामत जप्त झाल्यावर वाचलं.

१४ ऑक्टोबर २०२४ला, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, अण्णांना सोडलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, पंधरा दिवस भेटायला येऊ नका. तुम्हाला बघितलं की ते घरी जायचा हट्ट करतील. सेट होऊ द्या." हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर तिथून उठा. नवीन जागी आधीच गोंधळलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा हवा असतो, हे आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी नंतर सांगितलं. आणि त्या पंधरा दिवसांत सेंटरला जे करायचं असतं ते कुणाच्या नजरेला पडत नाही. कॅमेऱ्याचं फोनवरून बघता येणारं लॉगिन मिळणार होतं. "सर्व्हर बदलतोय" म्हणत ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

भाऊबीजेला, रविवारी, दादा आला होता म्हणून आम्ही दोघं वेळ घेऊन गेलो. अण्णांना बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हात मांडीवर, दोन्ही उलटे, पडल्यासारखे. मी ओवाळलं तर माझ्याकडे पाहिलं नाही. ओठाच्या कडेला लाळ. मॅडम म्हणाल्या, "बघा किती शांत झाले. तुमच्याकडे रात्रभर जागे असायचे ना?" आणि आम्हा दोघांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. परत येताना दादा गाडीत म्हणाला, "चांगलं ठिकाण मिळालं गं." मी हो म्हटलं.

नोव्हेंबरात दर चार-पाच दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ यायचा. 'आजचे बाबा', खाली फुलं. १९ तारखेच्या व्हिडिओत अण्णा खुर्चीवर बसून तिकिटं फाडत होते. डावा हात आडवा, बोटं टकटक. मला आनंद झाला, मी तो दादाला पाठवला. रात्री पुन्हा पाहताना डोक्यात आलं, भाऊबीजेला तर हे हात हलत नव्हते. मग मागचे सगळे व्हिडिओ काढले. चारही व्हिडिओंत तोच चौकडीचा शर्ट, आणि मागे भिंतीवर कालनिर्णयचं पान ऑक्टोबरचं. पहिल्या एक-दोन दिवसांत सगळं शूटिंग करून ठेवलेलं आणि थोडं थोडं आम्हाला पाठवलेलं. फोन केला तर "पान उलटायचं राहिलं असेल" म्हणाल्या. व्हिडिओ कॉल मागितला, तर कधी ते झोपलेत, कधी नेट नाही. मी भेटीची वेळ मागितली, त्यांनी दहा दिवसांनंतरची दिली. तोवर थांबायला नको होतं. मुलीची प्रिलिम, ऑफिसचं ऑडिट, असं करत मी थांबले.

२ डिसेंबरला, सोमवारी, न कळवता गेलो. रात्रीचे सव्वाआठ. फाटकाला कुलूप, आत अंधार. बऱ्याच हाका मारल्यावर एक विशीतला मुलगा आला. घाबरलेला होता, पण खोटं बोलला नाही. "ताई, रात्री आम्ही दोघंच असतो. चौतीस माणसं आहेत. सिस्टर सहाला जातात." जेवण साडेपाचला देतात, सातला गोळ्या, मग दिवे बंद.

अण्णांच्या खोलीत चार खाटा. वास असा की ह्यांनी नाकाला रुमाल लावला. फोनचा टॉर्च लावला. अण्णांचं उजवं मनगट फाडलेल्या पंच्याने खाटेच्या कठड्याला बांधलेलं होतं. उजवं. गाठ इतकी ओली आणि घट्ट की सुटेना, त्या मुलाने ब्लेड आणून कापली. मनगटावर दोन बोटं रुंद लाल-काळा पट्टा होता. डायपर जड, सकाळपासूनचं असावं. कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली, कातडी निघालेली. "अण्णा" म्हटलं तर डोळे अर्धे उघडले. तोंडाजवळ कान नेला तरी शब्द कळेना.

बांधून ठेवण्याबद्दल एक गोष्ट मला नंतर समजली. मानसिक आरोग्य संस्थांसाठी २०१७चा जो कायदा आहे त्यात लिहिलंय की दुसरा कुठलाच उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, तेवढ्यापुरतं बांधता येतं आणि कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही. आम्हाला मात्र मॅडमनी तासाभराने येऊन तेच कारण सांगितलं. "रात्री उठतात, पडले तर जबाबदार कोण? एवढ्या स्टाफमध्ये आम्ही काय करणार?"

अण्णांना नेऊ देण्याआधी 'आमची कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागितली. ह्यांनी ११२ला फोन लावतो म्हटलं तेव्हा आवाज उतरला, पण सहीशिवाय फाटक उघडेना. शेवटी ह्यांनी सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नाइलाजाने, हरकत राखून. रुग्ण बांधलेल्या अवस्थेत, जखमेसह मिळाला', आणि तिथल्या तिथे फोटो काढला. आज आमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. फाइल दिली नाही, पण तो वाद चालू असताना मी टेबलावरच्या औषधांच्या तक्त्याचे फोटो काढले. न्यूरॉलॉजिस्टनी क्वेटियापाइनचा, म्हणजे भ्रम आणि अस्वस्थता कमी करणाऱ्या गोळीचा, जो डोस लिहून दिला होता त्याच्या तिप्पट, शिवाय झोपेची आणखी एक गोळी. पुढे 'रोज व्हिजिट'वाल्या डॉक्टरांच्या सह्या, एकाच पेनाने, ४ डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी तारीख २ होती.

क्वेटियापाइनच्या जातीच्या (अँटिसायकोटिक) गोळ्यांबद्दल घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. कधी कधी द्याव्या लागतात, आमच्या डॉक्टरांनीही थोड्या दिल्याच होत्या. पण डोस वाढवायचा तर घरच्यांना विचारून, लेखी. प्रवेशाच्या वेळी ही अट स्वतःच्या हाताने करारावर लिहा आणि दर महिन्याला तक्त्याची प्रत मागा. माणूस अचानक 'शांत' झाला, अंग ताठ झालं, लाळ गळायला लागली, तर सेट झाला म्हणून खूश होऊ नका. आम्ही झालो होतो.

अण्णांना त्या रात्री थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. सात आठवड्यांपूर्वी वजन एकसष्ट होतं, ते त्रेपन्न भरलं. लघवीत जंतुसंसर्ग, अंगात पाणी कमी. जखम भरायला मार्च उजाडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढं साधं काम तिथे झालं नव्हतं. गोळ्या हळूहळू कमी केल्या. फेब्रुवारीत एकदा चहा पिताना डावा हात पोटाशी गेला. उजवा अजून तितका उचलत नाही.

पैशाचंही सांगते, कारण फसवणूक तिथेही होती. 'सगळं धरून' अडतीस हजार म्हणाले, पण दर महिन्याला डायपर दिवसाला सहा, पंचेचाळीस रुपयांप्रमाणे आठ हजार शंभर. विशेष देखभाल पाच हजार. आणि अडतीस हजारांवर अठरा टक्के जीएसटी, सहा हजार आठशे चाळीस. पावतीवर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकच नाही. तो असता तर जीएसटीच्या पोर्टलवर मिनिटभरात तपासता आला असता. नसेल, तर त्या नावाखाली एक रुपयाही देऊ नका. दोन महिन्यांचे, प्रवेश फी आणि अनामत धरून आमचे दोन लाख ऐंशी हजार आठशे ऐंशी रुपये गेले.

रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आम्ही वकील केला, कारण कागद समजेनासे झाले होते. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ज्येष्ठांच्या छळाबद्दल १४५६७. आमच्या दोन तारखा झाल्या, दोन्हींना समोरून कुणी आलं नाही.

आता जर मला पुन्हा जागा बघायची वेळ आली तर मी सकाळी अकराला जाणार नाही. रात्री आठनंतर जाईन. आत घेतलं नाही तर तिथून परत फिरेन. मॅडमशी कमी बोलेन आणि मावशींशी, मामांशी जास्त: किती महिने झाले इथे, रात्री किती जण असता, पगार वेळेवर होतो का. संडासात जाऊन बघेन. तिथे राहणाऱ्यांची मनगटं आणि टाचा बघेन. आणि ज्यांचं माणूस तिथे वर्षभर आहे अशा घरांचे फोन नंबर मागेन, तेही सेंटरकडून न मागता रविवारी फाटकाबाहेर उभं राहून भेटायला आलेल्यांकडून.

त्या रात्री अण्णांना स्ट्रेचरवरून बाहेर आणत असताना पॅसेजमधल्या खाटेवरच्या एका आजींनी माझी ओढणी धरली. जाग्या होत्या. "बाई, माझ्या मुलाला फोन लाव ना," म्हणाल्या आणि नंबर सांगायला लागल्या. आठ आकडे सांगितले आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा आठवरच अडकल्या. तिसऱ्या वेळी मी ते लिहून घेतले. १४५६७वर तक्रार केली तेव्हा त्यांच्याबद्दलही सांगितलं, पण पुढे काय झालं मला कळलेलं नाही. ते आठ आकडे अजून माझ्याकडे आहेत. तुमची आई पुण्याबाहेरच्या अशा एखाद्या सेंटरमध्ये असेल, तिथून नुसते व्हिडिओच येत असतील आणि तुमचा नंबर ९८२३ने सुरू होत असेल, तर आज रात्रीच जाऊन या.