फॉर्डाइस बाथहाऊस : स्नानगृहाच्या माथ्यावरची व्यायामशाळा

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज या गावी उष्ण झऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या आठ स्नानगृहांची एक रांग उभी आहे. त्यांतील सर्वांत थाटाचे फॉर्डाइस आता राष्ट्रीय उद्यानाचे संग्रहालय आहे. पुरुषांच्या स्नानदालनावरील रंगीत काचांच्या छताखाली प्रवाशांची गर्दी होते. माझ्या मते मात्र या वास्तूचे खरे मोल वरच्या व्यायामशाळेत आहे.

सॅम्युएल फॉर्डाइस हा यादवी युद्धातील माजी सैनिक आणि रेल्वे उद्योजक. येथील पाण्याने आपल्याला गुण आला, अशी त्याची श्रद्धा होती. दोन लाखांहून अधिक डॉलर खर्चून बांधलेली ही इमारत १ मार्च १९१५ रोजी खुली झाली. केवळ गरम पाण्यात बसवून रुग्णाला परत पाठवायचे नाही, तर स्नान, मालीश, विद्युत्-उपचार आणि व्यायाम हे सारे एकाच छताखाली द्यायचे, हा तिच्या रचनेमागचा विचार होता. यांत्रिक व्यायामोपचारांचा विभागही येथे होता. या उपचारपद्धतीचा पाया स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताफ झांडर यांनी घातला होता. सांधा किती वाकवायचा आणि त्यावर किती भार द्यायचा हे तरफा व वजने बदलून ठरवता येईल, अशी यंत्रे त्यांनी घडवली आणि १८६५मध्ये स्टॉकहोमला त्यांची संस्था सुरू केली. आजच्या जिममधील वजने बदलता येणारी यंत्रे पाहताना झांडर यांची आठवण क्वचितच कुणाला होते.

व्यायामशाळा तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या मोजणीने दुसऱ्या मजल्यावर आहे. समांतर पट्ट्या, लोंबत्या कड्या, मुष्टियोद्ध्यांचा चेंडू अशी साधने पाहताना मराठी माणसाची नजर लाकडी मुद्गलांवर हमखास अडकेल. आपल्या तालमीतले हे साधन इंग्रजी लष्करी अधिकाऱ्यांमार्फत एकोणिसाव्या शतकात युरोपात पोहोचले आणि पुढे अमेरिकन व्यायामशाळांत रुजले.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. स्त्रियांचे स्नानदालन पुरुषांच्या दालनाच्या मानाने अगदीच लहान आहे. रांगेतील स्नानगृहांत सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वर्णभेदाच्या काळात तेथे ग्राहक म्हणून स्नान करता येत नसे. काचांचे छत पाहून भारावलेल्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

नव्या औषधांपुढे स्नानोपचारांचा जोर ओसरला आणि २९ जून १९६२ रोजी फॉर्डाइस बंद पडले. १९८९मध्ये ते संग्रहालय म्हणून पुन्हा उघडले. पाहणी वरून सुरू करून खाली उतरत यावे, म्हणजे व्यायामशाळा घाईत उरकली जात नाही. प्रवेशशुल्क नाही, पण येथे स्नानाची सोयही नाही. जुन्या पद्धतीचे स्नान हवे असल्यास याच रांगेतील, १९१२पासून चालत आलेल्या बकस्टाफमध्ये जावे.