मंथली की डेली? माझं घोडं डबीपाशी अडलं

सहा वर्षं मंथली कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या, म्हणजे रोज रात्री धुऊन महिनाभर वापरायच्या; गेली तीन वर्षं डेली, म्हणजे एक दिवस घालून फेकायच्या. इन्फेक्शनच्या धास्तीने दोन्हींत निवड करत असाल, तर माझ्यापुरतं सांगतो.

डोळ्यात असताना मला फारसा फरक जाणवला नाही. उलट मंथली बोटावर नीट बसायची. डेली कांद्याच्या पापुद्र्यासारखी गुंडाळते. खरी गोम रात्री. लेन्स तळहातावर चोळा, सोल्युशनने धुवा, डबीत ताजं सोल्युशन भरा, सकाळी डबी पालथी घालून सुकवा, तीन महिन्यांत ती फेका. ऐकायला सोपं, पण शेवटची लोकल पकडून आल्यावर कोण करतो? मी कालच्याच सोल्युशनवर चार थेंब नवे ओतून मोकळा व्हायचो. एकदा सहज डबीच्या तळाशी बोट फिरवलं, तर जुन्या माठासारखं बुळबुळीत लागलं.

त्याच पावसाळ्यात डावा डोळा लाल झाला, ट्यूबलाइटकडेही बघवेना. डोळे आले असतील म्हणून एक दिवस वाया घालवला. डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळावर बारीक जखम. मग गजर लावून दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. फूल पडता पडता राहिलं. “डबी आणलीत का?” त्यांनी विचारलं. जंतू कुठला, ते कधीकधी तिच्यातूनच कळतं म्हणे. मी ती आदल्याच दिवशी नळाखाली विसळली होती. हेही चूकच, कारण अकँथअमिबा हा चिवट जीव नळाच्या पाण्यातही असू शकतो. लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या २०२२ सालच्या अभ्यासात त्याच्या संसर्गाचा धोका पुन्हापुन्हा वापरायच्या लेन्सना डेलीच्या जवळपास चौपट निघाला.

डेली म्हणजे अभय नव्हे. त्या घालून झोपलात, आंघोळ केलीत किंवा काटकसर म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवल्यात, तर पैसेही गेले आणि फायदाही. तीसचा बॉक्स दोन डोळ्यांना पंधरा दिवसच पुरतो, हे खिशाला लागतंच. आठवड्यातून दोन-तीनदाच घालत असाल तर मात्र तेवढं जाणवत नाही. सिलिंडरचा नंबर (बुबुळाचा आकार एकसारखा गोल नसला की लागतो तो) मोठा असेल तर डेलीत मिळेलच असंही नाही.

माझी बहीण इतकी वर्षं मंथलीच वापरते. तिची डबी देवघरातल्या तांब्यासारखी लख्ख असते. तिला मी ‘डेली घे’ म्हणून सांगायला जाणार नाही. मी आपला रात्री लेन्स काढतो, कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि आडवा होतो.