हुजूर पक्षाच्या दोन भिंती: लाल आणि निळी

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने पाच वर्षांत एक भिंत जिंकली आणि दोन्ही गमावल्या.

लाल भिंत म्हणजे उत्तर इंग्लंड आणि मिडलँड्समधला मजूर (लेबर) पक्षाचा जुना गड. बोल्सोव्हर घ्या. कोळसा खाणींचा पट्टा, आणि स्वतः खाणीत राबलेले डेनिस स्किनर १९७० पासून तिथले खासदार. २०१९ च्या निवडणुकीत, ब्रेक्झिटच्या (युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) लाटेत तेही पडले. मजूर पक्षाचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं सेजफील्डसुद्धा हुजुरांकडे गेलं. पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. पण हा मतदार ब्रेक्झिटपुरता आला होता. २०२४ मध्ये कुणी मजूर पक्षाकडे परतला, कुणी ब्रेक्झिटवादी नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाकडे वळला.

निळी भिंत म्हणजे हुजुरांचा स्वतःचा गड, दक्षिणेत: सरे, ऑक्सफर्डशर, लंडनला रोज ट्रेनने जाणारा सुखवस्तू, शिकलेला वर्ग. इथे ब्रेक्झिटच नडलं. २०२१ च्या चेशम-अमरशम पोटनिवडणुकीत हुजुरांनी जागा गमावली आणि पहिली फट दिसली. हायस्पीड रेल्वे आणि नव्या बांधकामांवरचा रागही त्यात होता. २०२४ मध्ये माजी हुजूर पंतप्रधान थेरेसा मे यांचं मेडनहेड आणि डेव्हिड कॅमेरून यांचं विटनी, दोन्ही लिबरल डेमोक्रॅट्स या तिसऱ्या पक्षाने घेतली. हुजूर १२१ जागांवर आले.

मला विचाराल तर लाल भिंत हे भाड्याचं घर होतं, ते सुटणारच. निळी म्हणजे वडिलोपार्जित वाडा. घाव तिथला खोल. गंमत बघा, तेव्हाचे हुजूर पंतप्रधान ऋषी सुनक यांची स्वतःची जागा मात्र वाचली, तीही उत्तरेतल्या यॉर्कशरमध्ये!