टोस्टमास्टर्स क्लबचं पदाधिकारीपद: घ्यावं का, आणि घेतलं तर कोणतं

टोस्टमास्टर्स ही भाषणाचा सराव करायच्या क्लबांची जगभरची संस्था. तिथे बहुतेक माणसं येतात ती चारचौघांत बोलायची भीती घालवायला. वर्षभरात ती बऱ्यापैकी जाते. मग एप्रिलच्या सुमारास मीटिंग संपल्यावर कुणीतरी चहाला गाठून म्हणतं, "यंदा एक्झिकॉममध्ये ये ना." एक्झिकॉम म्हणजे क्लबच्या पदाधिकाऱ्यांची समिती. लीडरशिप शिकायला मिळते, हे त्यामागचं ठरलेलं आमिष. ते कितपत खरं, हे पदावर अवलंबून आहे. व्हीपी एज्युकेशनच्या (मीटिंगांतल्या भूमिका वाटणारा उपाध्यक्ष, थोडक्यात व्हीपीई) बाबतीत पूर्ण खरं. खजिनदाराच्या बाबतीत लोक समजतात त्याहून जास्त खरं. आधी दुसरं काहीच न सांभाळता थेट अध्यक्ष झालेल्याच्या बाबतीत मात्र जेमतेम निम्मं.

आधी खर्चाचं. सभासदाची वर्गणी, म्हणजे ड्यूज, ऑक्टोबर 2023 पासून सहा महिन्यांना 60 डॉलर आहे. नव्या सभासदाला एकदाच 20 डॉलर वेगळे द्यावे लागतात आणि क्लबची स्थानिक वर्गणी असेल तर ती वर. पुण्यात हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्यांच्या अंतर्गत क्लबांत हा भार अनेकदा कंपनी उचलते. पद घ्यायला वेगळा पैसा लागत नाही, मिळतही नाही. खरी किंमत वेळेची आहे. दर आठवड्याला मीटिंग असलेल्या क्लबात व्हीपीईचे चार-पाच तास सहज जातात, बाकीच्यांचे एक-दोन.

पदं सात: अध्यक्ष, व्हीपी एज्युकेशन, व्हीपी मेंबरशिप, व्हीपी पब्लिक रिलेशन्स, सचिव, खजिनदार आणि सार्जंट अ‍ॅट आर्म्स. मावळता अध्यक्षही समितीत असतो. वर्ष 1 जुलै ते 30 जूनचं. दर आठवड्याला भरणाऱ्या क्लबांना सहा-सहा महिन्यांची मुदतही ठेवता येते. शिकायच्या दृष्टीने ती तोकडी पडते. पहिले दोन महिने काम समजण्यात जातात, शेवटचा हस्तांतरात, आणि आपण घातलेल्या घडीचं पुढे काय झालं हे बघायला आपण उरतच नाही. पर्याय असेल तर पूर्ण वर्षच घ्यावं.

आता व्हीपीई. या पदाचा सगळा गाभा एका हिशेबात आहे. तीन तयार भाषणांची दीड तासाची मीटिंग धरा. तीन वक्ते, तीन मूल्यमापक, टोस्टमास्टर ऑफ द डे (सूत्रसंचालक), टेबल टॉपिक्स मास्टर (आयत्या वेळी विषय देऊन बोलायला लावणारा), जनरल इव्हॅल्युएटर (सगळ्या मीटिंगचं मूल्यमापन करणारा), टायमर, आ-काउंटर (बोलण्यातले अं-आं मोजणारा) आणि ग्रामेरियन (भाषेकडे लक्ष ठेवणारा) अशा बारा भूमिका झाल्या. वीस सभासदांच्या क्लबात साठ टक्के हजेरी लागली तर माणसंही बाराच! म्हणजे एकाने दुपारी तीन वाजता "ऑफिसात अडकलोय" असा मेसेज टाकला की सगळी चळत ढासळते. यावर उपाय म्हणून नवे व्हीपीई ग्रुपवर टाकतात, "मूल्यमापक हवा आहे, कोणी घेईल का?" निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. सगळ्यांना विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. काम होतं ते एकेकाला फोन करून, आणि फोनवरही "जमेल का?" न विचारता "14 तारखेला अमुकच्या भाषणाचं मूल्यमापन तू कर, मागचं भाषणही तू ऐकलं होतंस" असं सांगून. कारण दिलं की माणूस सहसा नाही म्हणत नाही.

पुढच्या चार मीटिंगांचं रोस्टर, म्हणजे कुणाची कोणती भूमिका याचं वेळापत्रक, कायम भरलेलं असावं आणि प्रत्येक मीटिंगला दोन राखीव माणसं, एक वक्ता आणि एक मूल्यमापक, आधी सांगून ठेवलेली असावीत. राखीव वक्त्याचं भाषण तयार असतंच असं नाही, म्हणून तो शक्यतो पाथवेजच्या (टोस्टमास्टर्सचा लेव्हल-लेव्हलने पुढे जाणारा शिक्षणक्रम) पुढच्या प्रकल्पावर काम करत असलेलाच निवडावा. रोस्टरसाठी ईझी-स्पीक हे मोफत साधन आहे, पण ज्या क्लबात निम्मे लोक त्यात लॉगिनच करत नाहीत तिथे सगळ्यांना दिसणारी साधी शीट बरी.

व्हीपीईची सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच असते. सभासद पाथवेजची लेव्हल पूर्ण करतो, बेस कॅम्पवर, म्हणजे पाथवेजच्या ऑनलाइन पोर्टलवर, मंजुरीची विनंती टाकतो आणि ती तिथेच पडून राहते. 30 जून उलटला की तीच लेव्हल पुढच्या वर्षाच्या खात्यात जाते. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रलंबित विनंत्या एकदा उपसून काढल्या तर हा घोळ टळतो. आणखी एक अडचण मराठी क्लब काढू पाहणाऱ्यांसाठी: मीटिंग कोणत्याही भाषेत घेता येते, पण पाथवेजचं साहित्य मराठीत नाही.

हे पद शिकवतं ते एवढ्यासाठी की हातात अधिकार काहीच नसतो. पगार रोखता येत नाही, अप्रेझल लिहिता येत नाही. गणेश मंडळात वर्गणी गोळा केलेल्याला किंवा सोसायटीच्या कमिटीवर पाणीपट्टीसाठी दारं वाजवलेल्याला हे नवीन नाही. फरक असा की मंडळात तुमची चूक तोंडावर सांगायला कुणी नेमलेला नसतो, इथे दर मीटिंगला जनरल इव्हॅल्युएटर उभा राहून सांगतो की अजेंडा सात मिनिटं उशिरा का सुरू झाला.

खजिनदारपद कंटाळवाणं समजलं जातं आणि म्हणून रिकामं राहतं. प्रत्यक्षात इथे पैशाबद्दल न लाजता बोलायला शिकता येतं. ड्यूजच्या तारखा 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर. वसुली दीड महिना आधी सुरू करावी, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मध्याला. क्लबची मान्यता टिकायला किमान आठ जणांचे पैसे भरलेले लागतात आणि त्यात किमान तीन जुने सभासद असावे लागतात. इथे घोळ होतो तो विनिमय दराचा. खजिनदार गूगलवरचा डॉलरचा भाव बघून माणशी रक्कम जाहीर करतो आणि कार्डाने भरताना बँक वर मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचा अधिभार, लावते. वीस जणांचे 1,200 डॉलर होतात. मार्कअप साडेतीन टक्के धरला तर 42 डॉलर, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे पन्नासेक डॉलर खजिनदाराच्या खिशातून. म्हणून रक्कम थोडी वाढवून सांगावी आणि उरलेले क्लबच्या खात्यात दाखवावेत. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का तेही आधी तपासावं, नवी कार्डं मुळात ते बंद ठेवूनच येतात. क्लबचे पैसे स्वतःच्या पगाराच्या खात्यात तर अजिबात ठेवू नयेत. त्या कामापुरतं वेगळं बचत खातं काढलं की हस्तांतर एका स्टेटमेंटवर उरकतं, नाहीतर मे महिन्यात कुणीतरी चौदा महिन्यांच्या यूपीआय नोंदी चाळत बसतं.

सार्जंट अ‍ॅट आर्म्स हे नवख्यासाठी सर्वोत्तम पद आहे. अर्धा तास आधी यायचं, खोली, बॅनर, लेक्टर्न, टायमरचे हिरवे-पिवळे-लाल दिवे किंवा कार्डं, पाहुण्यांची वही बघायची. कंपनीच्या आवारात क्लब असेल तर पाहुण्यांचे गेटपास आदल्या दिवशी काढून ठेवायचे. हे शेवटचं विसरलं की पाहुणा वीस मिनिटं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसतो आणि परत येत नाही. तो परत न येण्याचा दुसरा मार्ग व्हीपी मेंबरशिपच्या हातात आहे: दुसऱ्या दिवशी फोन न करणं. चोवीस तासांत एक फोन, पुढच्या मीटिंगचं आमंत्रण आणि तिसऱ्या भेटीत अर्ज, हा क्रम बहुतेक क्लबांत चालतो. अर्जावर क्लबने मतदान करायचं असतं. ते सहसा टाळ्यांत उरकतात, पण वगळू नये. पब्लिक रिलेशन्सवाल्याला फोटो आणि लोगोचे नियम, सचिवाला इतिवृत्त आणि पदाधिकाऱ्यांची यादी 30 जूनच्या आत कळवणं. कामं छोटी, पण यादी चुकली की नव्या समितीला क्लब सेंट्रल, म्हणजे क्लबच्या कारभाराचं ऑनलाइन पान, उघडत नाही.

अध्यक्षपदाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. व्हीपीई न झालेला अध्यक्ष मीटिंग सुरू करतो, संपवतो आणि मधल्या काळात हातोडा सांभाळतो. रोस्टर का कोसळतं हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो व्हीपीईवर चिडतो. आधी दीड-दोन वर्षं इतर पदं सांभाळून आलेला अध्यक्ष वेगळाच असतो. तो महिन्यातून एकदा एक्झिकॉमची मीटिंग पाऊण तासात संपवतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुझं कुठे अडलंय?

पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या दोन फेऱ्या असतात: जून ते ऑगस्ट आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दर्जा शिकवणाऱ्यावर ठरतो. सगळ्यांना एकत्र बसवून स्लाइड दाखवणारी सत्रं वेळखाऊ. त्याच पदावरच्या पाच-सहा क्लबांतल्या लोकांना एका टेबलाभोवती बसवणारी सत्रं अर्ध्या रविवाराचं सार्थक करतात.

वर्षाचं मोजमाप डिस्टिंग्विश्ड क्लब प्रोग्रॅममध्ये होतं. दहा उद्दिष्टं, त्यातली पाच झाली की डिस्टिंग्विश्ड, सात झाली की सिलेक्ट, नऊ झाली की प्रेसिडेंट्स डिस्टिंग्विश्ड. शिवाय वीस सभासद हवेत; पहिल्या दोन दर्जांना त्याऐवजी सभासदांची ठरावीक निव्वळ वाढही चालते. प्रत्येक फेरीत किमान चार पदाधिकाऱ्यांनी प्रशिक्षण घेणं हेही एक उद्दिष्ट. चौकट चांगली आहे, पण तिचा एक वाईट परिणाम जूनमध्ये दिसतो. आकडा गाठायला एका मीटिंगमध्ये सहा-सहा भाषणं कोंबली जातात, मूल्यमापन दीड मिनिटात आटोपतं आणि वक्त्याच्या हाती प्रमाणपत्राशिवाय काही लागत नाही.

तसंच डीटीएमचं, म्हणजे डिस्टिंग्विश्ड टोस्टमास्टर या सर्वोच्च सन्मानाचं. त्या सन्मानासाठी क्लबमध्ये बारा महिने पदाधिकारी असणं ही एक अट आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी पद घेणारे दर क्लबात एखाद-दुसरे सापडतात. मेसेजला 'नोटेड' म्हणतात आणि मार्चपासून दिसत नाहीत. बायोडेटावर 'व्हीपीई' एवढंच लिहिलं तर एचआरला काही कळत नाही. 'वर्षभर दर आठवड्याला बारा जणांचं वेळापत्रक सांभाळलं, गळती इतकी होती ती इतकी झाली' असं लिहिलं तर मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो. घरी लहान मूल असेल, नोकरी बदलायच्या बेतात असाल किंवा रात्रपाळी असेल तर व्हीपीई घेऊ नका. सार्जंट किंवा सचिव चालेल.

निवडणूक मेच्या पहिल्या मीटिंगला होते. त्याआधी अध्यक्ष नामनिर्देशन समिती नेमतो आणि तिची यादी दोन आठवडे आधी क्लबपुढे यावी लागते. यादीत नाव नसलं तरी ऐनवेळी सभेतून सुचवता येतं. पण होकार देण्याआधी, मार्चमध्येच, त्या पदावरच्या माणसासोबत अर्धा तास बसा आणि त्याची फाइल उघडायला सांगा. क्लबच्या ईमेलचा, वेबसाइटचा, झूमचा पासवर्ड आणि मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर तिथे नसेल, तर जुलै पूर्ण शोधाशोधीत जाणार हे धरून चाला, किंवा ते सगळं मिळाल्यावरच हो म्हणा.