78च्या लाखेच्या रेकॉर्ड आणि यूएसबी टर्नटेबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्यात माझ्या यूएसबी टर्नटेबलच्या (संगणकाला जोडता येणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरच्या) डाव्या बाजूचा आवाज आधी खरखरायला लागला, मग गेलाच. सर्व्हिस सेंटरने यंत्र न उघडताच 'बोर्ड गेलंय' असं सांगून जो आकडा पुढे केला, त्यात एक चांगली सुई आणि डिजिटल वजनकाटा घेऊनही पैसे उरले असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारी थाळी), एस आकाराचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा), 33-45-78 असे तीन वेग, आत प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग), मागे यूएसबी. या वर्गातलं टर्नटेबल कसं असतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे, आणि एलपीबद्दल ढिगाने लिहिलं गेलंय. इथे फक्त 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) लाखेच्या रेकॉर्डबद्दल: नाट्यसंगीत, भावगीतं, आणि तीन मिनिटांत बसवलेले ख्याल.

आधी तो बिघाड. एक बाजू गेली की पहिला संशय बोर्डावर घ्यायचं काहीच कारण नाही. कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) मागे चार बारीक वायरी असतात: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, तांबडी आणि हिरवी उजव्या बाजूची. पांढरी-निळीची जोडी तांबड्या-हिरव्याच्या जागी लावा आणि तांबड्या-हिरवीची त्यांच्या जागी. मुका स्पीकर बदलला नाही, तर दोष वायरीत, तिच्या क्लिपमध्ये किंवा त्यांच्या पुढे आहे. बदलला, तर कार्ट्रिजमध्ये. पण हे करायच्या आधी हेडशेलची (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाची) मागची कडी सैल करून ते काढून बघा. हेडशेलच्या शेपटीला चार पिना असतात आणि टोनआर्मच्या तोंडात स्प्रिंगवर बसलेल्या चार टाचण्या. दमट हवेत यांच्यावर मळकट थर चढतो. डोळ्याला जेमतेम दिसतो, पण कार्ट्रिजचा सिग्नल मुळातच मिलीव्होल्टमधला, त्याला तेवढा अडथळा पुरतो. हेडशेलच्या पिना मऊ खोडरबराने पुसायच्या, टोनआर्ममधल्या टाचण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस लावून, न दाबता. कडी परत घट्ट करायची. या यंत्रात दोष इथेच होता. कोकणात, मुंबईत हे दर पावसाळ्याच्या सुरुवातीला करूनच टाकावं.

आता मुख्य तक्रार, आणि ती या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांना लागू आहे. 78चं बटण असतं, पण खोक्यात येणारी सुई एलपीची असते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 0.7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 18 मायक्रॉन. 78च्या रेकॉर्डला 3 मिल, 76 मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. लाखेच्या रेकॉर्डची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिच्यात एलपीची सुई भिंतींना टेकतच नाही, थेट तळाशी जाते आणि तिथे साठलेल्या भुग्यातून डावी-उजवीकडे हेलकावत चालते. गाणं भिंतींवर कोरलेलं असतं, तळाशी असतो तो फक्त कचरा. 'जुन्या रेकॉर्डी अशाच खरखरतात' असं म्हणून ज्यांनी त्या माळ्यावर टाकल्यात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी खरं तर चुकीच्या सुईचा आवाज ऐकलेला असतो. या सुईचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा, आणि विकणारा हे आपणहून कधी सांगत नाही.

ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम 95 मालिकेचं कार्ट्रिज यंत्राबरोबर आलेलं असेल, तर हे काम सोपं आहे. त्या मालिकेतल्या सुया एकमेकींच्या जागी बसतात. संपूर्ण कार्ट्रिज न घेता फक्त व्हीएमएन 95 एसपी ही 3 मिलची शंकूच्या आकाराची सुई घ्यायची, जुनी खाली ओढून काढायची, नवी सरकवायची. स्क्रू सोडवायला नको, अलाइनमेंट (कार्ट्रिजचा कोन जुळवणं) पुन्हा नको. ही सुई चुकूनही एलपीवर किंवा 45च्या ईपीवर ठेवू नका. ती त्या बारीक खाचा कायमच्या खराब करते.

अडचण वजनाची आहे. या सुईला 5 ग्रॅम भार लागतो, एलपीच्या सुईच्या दुपटीहून जास्त. काउंटरवेटच्या (टोनआर्मच्या मागच्या वजनाच्या) कडीवरचे आकडे मात्र बऱ्याच यंत्रांवर 4 पर्यंतच असतात. वजन त्यापुढेही आत फिरतं, आकडे तेवढे संपतात. म्हणून पद्धत अशी: अँटिस्केट (सुईची आतली ओढ तोलणारी चकती) शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं, टोनआर्म आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट फिरवा, मग ते न हलवता नुसती कडी शून्यावर आणा, आता वजन कडीसकट फिरवत 4 पर्यंत न्या आणि तिथून पुढे डिजिटल वजनकाट्यावर 5.0 दिसेपर्यंत थोडं थोडं. खिशात मावणारा, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो, फक्त त्याच्या मोजणीच्या टोकाची उंची रेकॉर्डच्या पृष्ठभागाएवढी असायला हवी. 'भार कमी म्हणजे झीज कमी' हा समज 78च्या बाबतीत उलटा पडतो. कमी भारावर सुई जोरकस तानेला भिंत सोडते आणि परत आदळते. झीज होते ती त्याने.

यंत्राबद्दल माझं मत जिथे बदललं ती जागा म्हणजे उजव्या कडेची वेगाची पट्टी, पिच स्लायडर. ती डीजे लोकांची सोय, आपल्याला काय उपयोग, असं पहिले काही आठवडे वाटत होतं. आज यंत्रातली एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी ती ठेवीन.

कारण '78' हा वेग सगळ्या रेकॉर्डींचा नाहीच. विजेवर चालणाऱ्या मोटरींमुळे पुढे वेग ठरून गेला: 60 हर्ट्झच्या देशांत 78.26, आपल्यासारख्या 50 हर्ट्झच्या देशांत 77.92. त्याआधीची ध्वनिमुद्रणं, विशेषतः 1925च्या अलीकडची-पलीकडची, सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने झालेली सापडतात. 74च्या वेगाने कोरलेली रेकॉर्ड 78.26ने वाजवली तर सूर पावणेसहा टक्क्यांनी चढतो. पेटीवरची एक पट्टी म्हणजे साधारण सहा टक्के. म्हणजे पांढरी चारमधलं गाणं जवळपास काळी तीनमध्ये जातं, आणि नुसती पट्टी बदलत नाही, आवाजाचा पोत पातळ होतो, तान आहे त्यापेक्षा वेगवान वाटते. जुन्या गायकांच्या अचाट तयारीबद्दल जे ऐकतो, त्यातला काही भाग चुकीच्या वेगाने वाजवलेल्या रेकॉर्डींचा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

वेग कसा ठरवायचा? साथीला पेटी असेल तर गाण्याचा षड्ज पेटीच्या कुठल्या तरी पट्टीवर पडायला हवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर वेगावर संशय घ्या. यात एक मेख आहे. जुन्या पेट्या आजच्या 440 हर्ट्झच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे थोडा फरक सोडून द्यावा. दुसरा आधार बोलण्याचा. सुरुवातीच्या काळात गायक शेवटी आपलं नाव सांगत. गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' सगळ्यांना ठाऊक आहे. 1902च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने तिचं ध्वनिमुद्रण केलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कामगारांना रेकॉर्ड कोणाची हे या घोषणेवरून कळायचं. आपल्याला ती वेगळ्याच कामाला येते. गाणारा आवाज चढला तर कान फसतो, बोलणारा आवाज चढला तर लगेच कळतं. घोषणा असलेली बाजू लावायची, वेगाची पट्टी हळूहळू खाली आणायची, आवाज माणसाचा वाटायला लागला की थांबायचं आणि मग पेटीवर षड्ज तपासायचा. हे दोन आधार एकाच जागी जुळले की त्या रेकॉर्डच्या पाकिटावर पेन्सिलीने वेग लिहून ठेवावा.

म्हणून विकत घेताना बघा: वेगाची पट्टी नुसती ±8 टक्क्यांची आहे की ±16ची. ±8 मध्ये 78.26 वरून खाली 72 पर्यंतच जाता येतं. ±16 मध्ये साधारण 66 पर्यंत. आणि ती 78च्या वेगावरही पूर्ण चालते का, हे दुकानातच लावून बघा. माझ्या यंत्रावर पट्टीच्या मधोमध, शून्याच्या खटक्याच्या आजूबाजूला थोडी मेलेली जागा आहे. तिथे पट्टी हलते पण वेग हलत नाही. अर्धा टक्का फरक हवा असेल तर पुढे नेऊन परत मागे आणावी लागते. एवढ्या उपयोगी भागात ही कसर राहायला नको होती.

कागदी स्ट्रोबने (लुकलुकत्या उजेडात रेघा स्थिर दिसतात का ते बघायच्या चकतीने) वेग तपासणार असाल तर 50 हर्ट्झसाठी 77 रेघांची चकती घ्या. ती घरातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली काही दाखवणार नाही. जुना फिलामेंटचा बल्ब किंवा साधी चोक लावलेली ट्यूबलाइट लागते.

यूएसबीबद्दल. आवाज संगणकात सहज जातो, पण आतल्या प्रीअँपमधून म्हणजे आरआयएए वक्र (खालचे-वरचे सूर ठरलेल्या मापाने कमी-जास्त करणारा) लागून जातो. हा वक्र 1954च्या सुमाराचा, एलपीसाठीचा. तो 10 किलोहर्ट्झला 13.7 डेसिबलने खाली दाबतो, 100 हर्ट्झला 13 डेसिबलने वर उचलतो. 78ला हे माप बसत नाही, म्हणून नाट्यपद गोणपाटाआडून आल्यासारखं वाटतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या फिल्टर कर्व्हमध्ये युद्धापूर्वीच्या विद्युत (मायक्रोफोनने केलेल्या) ध्वनिमुद्रणांसाठी हे आकडे चांगले चालले: 100 हर्ट्झला उणे 5 डेसिबल, 250ला उणे 4, 500ला उणे 2, 1000ला शून्य, 2000ला अधिक अडीच, 5000ला अधिक 8, आणि 7000च्या पुढे उतार. वर फक्त खरखर उरते. भोंग्यातून केलेल्या, त्याआधीच्या ध्वनिमुद्रणांत 150 हर्ट्झच्या खाली गाणं जवळजवळ नसतंच, तो भाग कापून टाका. मूळ फाइल मात्र काहीही न करता वेगळी जपा. खरखर घालवण्याच्या हौसेत तंबोरा आधी जातो.

डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनो करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर आहे. 78ची खाच आडवी कोरलेली असते, वरखाली होणारा आवाज नुसता गोंगाट असतो, आणि दोन्ही बाजू मिळवल्या की तो आपोआप कापला जातो. पण डावी बाजू बंद असताना फक्त उजव्या भिंतीवरून ऐकलेल्या काही झिजलेल्या रेकॉर्ड आधीपेक्षा स्वच्छ निघाल्या. जुन्या ग्रामोफोनच्या जड साउंडबॉक्सने (पिन धरणाऱ्या डोक्याने) आणि न बदललेल्या पोलादी पिनेने दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. त्यामुळे आता रेकॉर्डची प्रत्येक बाजू आधी दोन वाहिन्यांत घेऊन डावी, उजवी आणि मिळून असं तिन्ही ऐकतो, मगच ठरवतो. बंद पडलेल्या यंत्राकडून मिळालेला हा फायदा मी फार मोठा मानतो.

धुण्याबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नका. एलपीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांत ते असतं आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, लिटरभर पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं, परत साध्या डिस्टिल्ड पाण्याने, आणि उभी ठेवून सावलीत वाळवायची. बुरशीचे पांढरे ठिपके याने जातात. त्यांनी खाच आधीच खाल्ली असेल तर खरखर राहते. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, म्हणून प्रत्येक बाजूनंतर सुई मागून पुढे कोरड्या ब्रशने झाडा.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात रेकॉर्ड घेताना ती उजेडात तिरपी धरा. कडेपासून आत येणारी केसासारखी तडा प्रत्येक फेरीला टक्क करते, म्हणजे सेकंदाला 1.3 वेळा, आणि तडेच्या दोन कडा वरखाली झाल्या असतील तर सुईच जाते. खाचा चमकायच्या ऐवजी राखाडी दिसत असतील तर घासाघीस करा किंवा सोडा.

यंत्रात आपोआप उचलणारा आर्म नाही. बऱ्याच जुन्या रेकॉर्डींना शेवटची मोकळी खाच नसते, गाणं संपलं की सुई लेबलावर चढते. 10 इंची बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच असतात, तेवढा वेळ जवळ बसा.

पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकड्या हाती लागल्या तर त्यांच्यावर ही सुई ठेवू नका. त्यांची खाच उभी कोरलेली असते, काही तर लेबलाकडून बाहेर वाजतात, आणि त्यांना 3 मिलपेक्षा पुष्कळ जाड गोल टोक लागतं. तसं टोक मिळेपर्यंत त्या पाकिटात उभ्या राहू द्याव्यात.