मानवी धडाचं मॉडेल: सहा महिने वापरल्यावर

आठवी ते दहावीच्या क्लाससाठी सुटे भाग निघणारं, ४२ सेंमी उंचीचं मॉडेल ऑनलाइन मागवलं होतं. जूनपासून मुलांच्या हातात आहे, त्यामुळे आता खात्रीने लिहिते.

कोणता अवयव कुठे, हे शिकवायला याला तोड नाही. सगळे भाग काढायचे आणि मुलांना परत बसवायला लावायचे. यकृत आधी ठेवलं की जठर आत जातच नाही. फुप्फुसांची अदलाबदल केली की अडतं, कारण उजव्याला तीन खंड, डाव्याला दोनच, शिवाय हृदयासाठी खाच. स्वादुपिंड तर जठर उचलल्याशिवाय दिसत नाही. उजवं मूत्रपिंड किंचित खाली का, हे एका मुलीने यकृत हातात धरून स्वतःच सांगितलं.

हृदय उघडतं, आणि डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा जाड आहे हे बोटाला कळतं. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला थेट पायाच्या बोटांपर्यंत. ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. हा गुणाकार मुलं हृदय हातात घेऊनच करतात.

पण रंगकाम! सगळ्या शिरा सरसकट निळ्या. फुप्फुस शिरांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त येतं, त्या लाल हव्यात. शेवटी लाल नेलपॉलिश लावलं. (छान टिकलंय.)

काम कसं चालतं, तिथे मात्र मॉडेल तोकडं पडतं. श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) इथे म्हणजे कडक प्लॅस्टिकची चकती. खरं श्वासपटल खाली सरकतं, छातीची पोकळी वाढते, म्हणून हवा आत येते. ते दाखवायला बाटली आणि फुगाच घ्यावा लागतो. आतडी एकाच ठोकळ्यात ओतलेली, त्यामुळे लहान आतड्याच्या सहाएक मीटर लांबीसाठी सुतळी वर्गभर पसरते. मूत्रपिंड कापून दाखवलंय, पण दिवसाला सुमारे १८० लिटर गाळून त्यातलं दीड-दोन लिटरच मूत्र म्हणून बाहेर जातं, बाकी परत रक्तात, हे सगळं तोंडानेच सांगायचं.

मेंदूच्या खुंट्या दिवाळीआधीच सैल झाल्या. विक्रेत्याने मेलला उत्तर दिलं नाही.

क्लासला घ्याच. घरी एकट्या मुलासाठी एवढा खर्च नको, चांगला तक्ता पुरतो. पाचपैकी साडेतीन, रंग नीट असते तर चार दिले असते.