बॉइल्ड लिनसीड ऑइल: अवजारांच्या दांड्याला पाचपैकी पाच, बंदुकीच्या दस्त्याला साडेतीन

जुनी कुऱ्हाड, रंधा, पटाशी किंवा शिकारीची दुनळी बंदूक नीट करायला घेतली, की लाकडासाठी पहिली शिफारस होते ती बॉइल्ड लिनसीड ऑइलची, म्हणजे जवसाच्या तेलाची. शिफारस रास्त आहे. तरी तक्रारीही याच तेलाबद्दल सर्वांत जास्त येतात: दांडा चिकट राहिला, दस्ता काळवंडला, महिना उलटला तरी बोटांचे ठसे उमटतात. यातल्या बहुतेक तक्रारींचं कारण जाड थर हे असतं. काहींचं कारण मात्र खरोखरच तेलाच्या मर्यादेत आहे, आणि बंदुकीच्या दस्त्याचे दीड गुण त्यासाठीच कापले आहेत.

आधी डब्यात काय असतं ते बघू. नावात ‘बॉइल्ड’ असलं तरी आज मिळणारं बहुतेक तेल उकळलेलं नसतं. जवसाच्या तेलात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. त्यांना ड्रायर म्हणतात. पूर्वी त्यासाठी शिशाची संयुगं वापरत. हे तेल टर्पेंटाईनसारखं उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट थर बनतो. ड्रायर या क्रियेचा वेग वाढवतात. कच्च्या तेलाचा पातळ थर वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. बॉइल्ड तेलाचा तसाच थर उबदार, खेळत्या हवेत साधारण २४ तासांत हाताला कोरडा लागतो. थंडीत आणि दमट हवेत हा वेळ सहज दुप्पट-तिप्पट होतो. खायचं जवस तेल या कामाला आणू नये. त्यात ड्रायर नसतात, शिवाय ते खवट होऊ नये म्हणून अनेकदा अँटिऑक्सिडंट घातलेले असतात, आणि तेच वाळण्याच्या आड येतात.

वाळण्याची ही रीत कळली की जाड थर का फसतो तेही कळतं. ऑक्सिजन वरून येतो, म्हणून वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि खालचं तेल कोंडून ओलं राहतं. मग दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात, त्यात धूळ बसते आणि लाकूड कायमचं चिकट होतं. लाकडात जिरेल तेवढंच तेल राहू द्यायचं आणि उरलेलं सगळं पुसायचं, एवढं पाळलं तर हे तेल क्वचितच दगा देतं.

आता दांडे. हिकरी आणि ॲश या लाकडांचे हातोडे-कुऱ्हाडीचे दांडे, बीचचे रंधे, करवतीच्या आणि पटाशीच्या मुठी, या सगळ्यांवर हे तेल उत्तम चालतं. व्हार्निशचा दांडा गुळगुळीत असतो, पण घाम धरतो, हातात सरकतो आणि फोड आणतो. तेल लावलेला दांडा तळहाताला लाकडासारखाच लागतो आणि वापराने आणखी सुधारतो. व्हार्निश कुठे उडालं तर तेवढाच भाग जुळवून घेणं अवघड असतं. तेलाच्या दांड्याला तिथे पुन्हा एक हात फिरवला की झालं.

तेल लावण्याआधी भेगा बघा. डोक्याजवळ किंवा मधोमध आडवी भेग असेल, लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने न जाता तिरकस बाहेर पडत असतील, तर तो दांडा कामाचा नाही. तेल तडा जोडत नाही. चांगल्या दांड्यावरचं जुनं व्हार्निश स्क्रेपरने काढावं. पॉलिश पेपरने सपाटून घासलं तर वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला रंगही निघून जातो आणि दांडा नवा, पांढरा, परका दिसायला लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेला दांडा कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, मास्क लावावा आणि पडलेला भुगा गोळा करून टाकावा. नुसता मळ असेल तर टर्पेंटाईन आणि ०००० नंबरचं, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल (पोलादी तारांची लोकर) पुरतं. त्यानंतर १२०, मग १८० नंबरचा पेपर, फार तर २२०. दांड्याला त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, पकड कमी होते.

पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाईन असा. हातोड्याच्या दांड्याला एक-दोन चमचे पुरतात. चिंधीने चोळून लावा, १५ ते २० मिनिटं थांबा, कोरडे पडलेले भाग पुन्हा ओले करा आणि मग स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण पुसा. पुसल्यावर लाकूड ओलं चमकत असेल तर अजून पुसायचं बाकी आहे. दुसऱ्या दिवसापासून निव्वळ तेलाचे दोन किंवा तीन हात, रोज एक. दांड्याच्या दोन्ही टोकांचा आडवा छेद इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त तेल पितो आणि ओलावाही तिथूनच आत-बाहेर करतो; पिणं थांबेपर्यंत तिथे तेल देत राहा. हातोड्याच्या भोकातून वर दिसणारं टोक बहुतेकजण विसरतात.

तेल भराभर मुरावं म्हणून ते गरम करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. करायचंच असेल तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. तेल कधीही विस्तवावर ठेवू नका.

ढिल्या झालेल्या डोक्यावर मात्र तेल हा इलाज नाही. पाण्यात बुडवून ठेवणं तर त्याहून वाईट. लाकूड फुगतं, लोखंडी भोकात त्याला जागा नसते, तंतू चेपले जातात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतं. दांडा काढून नीट बसवणं आणि नवी पाचर ठोकणं हाच खरा उपाय आहे. पाचर आधी, तेल नंतर.

चिंध्यांबद्दलचा भाग कोणीही वगळू नये. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं. दांड्यावर ती हवेत निघून जाते. चुरगळून टाकलेल्या चिंधीत ती साठते, तापमान वाढतं, क्रिया आणखी वेगाने होते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ठिणगी लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत लागलेल्या आगीचं कारण जवस तेलाच्या चिंध्याच ठरलं. आग २२व्या मजल्यावर सुरू झाली आणि त्या आगीत ३ अग्निशामक जवानांचा जीव गेला. वापरलेली चिंधी मोकळ्या जागी एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावी, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण बंद होणाऱ्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावी. तेल लागलेलं स्टील वूल, कागदी रुमाल आणि घासताना पडलेला तेलकट भुसा यांनाही हाच नियम.

बंदुकीच्या दस्त्याचा हिशेब वेगळा आहे. काम सुरू करण्याआधी बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने तपासा आणि तुमच्याकडचे परवान्याचे नियम पाळा. ज्याला बंदूक उघडता येत नाही त्याने दस्ता जाणकार बंदूक-कारागिराकडून सुटा करून घ्यावा. जुन्या बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात आणि साधा स्क्रूड्रायव्हर त्या फाडतो. आणखी एक गोष्ट: नामांकित कारखान्याची, मूळ पॉलिश शिल्लक असलेली बंदूक असेल तर काहीही न करणं हेच पुष्कळदा योग्य असतं. मूळ थर गेला की संग्राहकाच्या लेखी तिचं मोल उतरतं.

चांगले दस्ते बहुधा अक्रोडाचे. जुन्या दस्त्याचा धातूला चिकटणारा पुढचा भाग काळा आणि मऊ झालेला दिसतो, कारण बंदूक उभी ठेवली की नळी आणि यंत्रणेतलं खनिज तेल खाली झिरपत राहतं. ते तेल कधीच वाळत नाही आणि आपल्या जवस तेलालाही नीट वाळू देत नाही. ‘दस्त्याचं टोक चिकट राहतं’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथली असते. चॉक पावडर आणि ॲसिटोन यांचं सरबरीत मिश्रण तिथे थापायचं, वाळल्यावर झटकायचं. तेल पावडरीत ओढलं जातं आणि ती पिवळट-तपकिरी होते. पावडर पांढरी राहीपर्यंत हेच पुन्हा करायचं. फार मुरलेल्या दस्त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात. ॲसिटोन चटकन पेटतो, म्हणून काम उघड्यावर आणि ज्योतीपासून लांब.

खोलगट चेपा वाफेने वर येतात. ओल्या कापडाची घडी चेपेवर ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं, गरजेप्रमाणे पुन्हा. तंतू नुसते दबले असतील तर ते उठतात. तुटले असतील तर उठत नाहीत. वाफेआधी जुना थर काढलेला हवा, नाहीतर पाणी आत जात नाही. वाफेनंतर उभे राहिलेले बारीक तंतू ३२० नंबरच्या पेपरने हलकेच उतरवावेत.

सगळ्यात जास्त दस्ते बिघडतात ते धातूच्या कडेला. तिथे लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं. उत्साहाने घासलं की ते धातूच्या खाली जातं, आणि ही चूक परत फिरवता येत नाही. त्या कडेला पेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर धरूनच चालवा, बोटाने नाही. पकडीवरच्या चौकड्यांच्या नक्षीला टेप लावून झाका; शेवटी तिथे टर्पेंटाईनने पातळ केलेलं तेल दातांच्या ब्रशने लावून लगेच कोरड्या ब्रशने उपसून काढा. दाट तेल तिथे साचलं तर नक्षी बुजते. अक्रोडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं, म्हणून ओल्या लाकडावर स्टील वूल चालवू नये; त्याचे तुटलेले तंतू काळे ठिपके होऊन बसतात.

अक्रोडाची छिद्रं भरायला वेगळा भराव लागत नाही. दोन हात मुरल्यावर तेल लावून ओल्यातच ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. तेल आणि लाकडाचा भुगा मिळून जो राप तयार होतो तो छिद्रांत बसतो. वरचा राप आडव्या दिशेने पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. दोन-तीन फेऱ्यांत पृष्ठभाग भरून येतो. त्यानंतरचे हात थेंबाथेंबाचे, तळहाताने चोळून गरम होईपर्यंत.

इतकं करूनही साडेतीनच का? वाळलेल्या जवस तेलाचा थर मऊ असतो, बाष्प त्यातून सहज आत-बाहेर करतं आणि पावसाचे थेंब डाग ठेवतात. काळाबरोबर तो पिवळा आणि मग गडद होत जातो. ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलींचे दस्ते कच्च्या जवस तेलावर टिकले, कारण सैनिकांना ते पुन्हा पुन्हा चोळावं लागे. हौसेच्या बंदुकीला तेवढी निगा मिळत नाही. ओल्या हवेत फिरणाऱ्या बंदुकीसाठी छिद्रं भरण्यापर्यंत बॉइल्ड लिनसीड वापरावं, ते आठवडाभर वाळू द्यावं आणि वर ‘ट्रू-ऑइल’सारख्या दस्त्यांसाठीच बनवलेल्या तेलाचे तीन-चार अतिशय पातळ हात द्यावेत. ते काही तासांत वाळतं आणि पाणी जास्त अडवतं. पण थर लाकडावर बसतो, म्हणून ओरखडा उठून दिसतो आणि चकाकी जास्त वाटली तर ०००० स्टील वूलने उतरवावी लागते. शुद्ध टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पाण्याला जवसापेक्षा चांगलं तोंड देतं आणि कमी पिवळं पडतं, मात्र सावकाश वाळतं. ‘टंग ऑइल फिनिश’ असं लिहिलेल्या बाटल्यांत पुष्कळदा व्हार्निशच असतं, तेव्हा घटक वाचून घ्या.

स्वयंपाकाच्या सुरीच्या मुठीला किंवा लाकडी पळीला बॉइल्ड लिनसीड नको. त्यातले ड्रायर अन्नाजवळ असू नयेत.

आधीच चिकट झालेला दांडा असेल तर टाकू नका. थर ताजा असेल तर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या स्टील वूलने घासून पुसला की सुटतो. महिने उलटून रबरासारखा झालेला थर स्क्रेपरनेच काढावा लागतो.

डबा लहान घ्या. मोठा स्वस्त पडतो, पण अर्धा रिकामा झाला की आतल्या हवेने वर जाड पापुद्रा धरतो आणि खालचं तेल घट्ट होत जातं. उरलेलं तेल गळ्यापर्यंत भरतील अशा लहान बाटल्यांत काढा, किंवा बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. पापुद्रा ढवळून आत मिसळू नका. कापून बाजूला काढा आणि तेल जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. गाळलेलं तेल काचेवर पुसून बघा. दोन दिवसांतही ते कोरडं झालं नाही तर ते दस्त्याला लावू नका.